थांबवता येणारे सर

वाचक आईचं पत्र :

आदरणीय बाई,
आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मालक यंत्रमागावर कामाला आहेत, मी घरी विड्या वळते. घरात तेलुगू बोलतो. मुलगी मराठी शाळेत नववीला आहे, सेमीत. शाळा सुरू झाल्यापासून म्हणतेय, शाळा नको. मोबाइलवर सगळं शिकवतात, मला तिथंच समजतं, शाळेत दिवस वाया जातो. बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भर, दहावी घरूनच करते. माझ्या दिराच्या मुलानं कोरोनात दहावी घरी बसून केली, त्याला ८४ टक्के पडले. तोही तिला हेच सांगतो. एकजण घरी येऊन ॲपचा कोर्स दाखवून गेला. टॅब मिळेल म्हणाला, महिन्याला हप्ता. मालक म्हणतात, पोरीला काय कळतंय. खोटं कशाला बोलू, ती घरी राहिली तर मलाही हातभार लागेल. पण मी सातवीत शाळा सोडली, ते अजून मनातून जात नाही. काय करू?
हे पत्र शेजारचा मुलगा टाइप करतोय. मुलगी मागून म्हणतेय, बाईंना विचार, त्या भागाकारात अधिक तीन असेल तर वजा तीन का लिहायचं?

ताई,

तुमच्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि माझी अर्धी काळजी मिटली. शिकण्याला कंटाळलेली मुलगी भागाकारातलं चिन्ह का बदलतं हे विचारायला जात नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी खाली तिलाच देणार आहे. आधी तुमच्याशी बोलते.

मी सोलापुरात ३१ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. तुमच्यासारख्या घरांतली कितीतरी मुलं माझ्या वर्गात होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून आम्ही मोबाइल समोर धरून शिकवायला लागलो. वर्गात पासष्ट मुलं, पडद्यावर कधी वीस, कधी बारा. पडद्यावर मुलांची नावंही नसायची. ‘पप्पा न्यू’, ‘मम्मी २’ अशी नावं दिसायची, आणि त्यामागं नेमकं कोण बसलंय हे आवाजावरून ओळखायचं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. ज्या दिवशी पाणी यायचं, त्या दिवशी तासाच्या मध्येच निम्म्या मुली पडद्यावरून नाहीशा व्हायच्या. मुलगे बसलेले असायचे. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नेटवर्क गेलं असेल असं समजले. तिसऱ्या वेळी कळलं.

त्याच काळात दोन मुलांनी मला जे शिकवलं ते अजून विसरलेले नाही. एक मुलगा तीन वर्षं माझ्या वर्गात होता, कधी तोंड उघडलं नाही. ‘समजलं का?’ विचारलं की मान हलवायचा. एका रात्री अकरा वाजता त्याचा मेसेज आला : ‘बाई, वजा गुणिले वजा अधिक कसं होतंय?’ वडील दुसऱ्या पाळीवरून घरी आले की फोन त्याच्या हाती यायचा. मी उत्तर लिहिलं, त्यानं पुढचा प्रश्न विचारला, आणि बारा वाजेपर्यंत आम्ही तिथंच होतो. तीन वर्षांचे प्रश्न त्याच्या पोटात साठलेले होते. चौसष्ट जणांसमोर ते बाहेर येत नव्हते. उलट पहिल्या बाकावरची एक मुलगी, जिचा हात खाली नसायचाच, ती त्या वर्षी विझल्यासारखी झाली. कॅमेरा बंद, आवाज बंद. तिच्या आईनं फोन करून सांगितलं, ‘ती म्हणते, बरोबर उत्तर दिलं तरी कुणी बघायला नाही.’

शाळा परत भरल्या. राज्यातल्या शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाले. तेव्हा मी मुलांना एकेक कोरा कागद दिला. नाव लिहायचं नाही, फक्त लिहायचं की मोबाइलवरच्या शिकण्यातलं काय राहावं आणि काय जावं. ते कागद मी जपून ठेवलेत. एकानं लिहिलं होतं, ‘डबा एकट्यानं खावा लागायचा.’ एका मुलीनं लिहिलं, ‘मोबाइलमधी बाई रागावलेल्या दिसत नव्हत्या.’ तो कागद वाचून मला रात्रभर झोप आली नाही. आणि एका कागदावर एकच ओळ होती : ‘व्हिडिओतले सर थांबवता येतात की, बाई.’

तुमच्या लेकीच्या मनातही हीच ओळ असावी असं मला वाटतं. मुलं ‘मला ऑनलाइनच बरं’ म्हणतात तेव्हा आपण मोठी माणसं लगेच मोबाइलवर डोळे वटारतो. पण माझ्या अनुभवात त्या वाक्यामागं दरवेळी वेगळं काहीतरी निघालं. कुणाला उच्चारावरून चिडवत होते, कुणाला डोळ्याला चष्मा हवा होता आणि फळा दिसत नव्हता, कुणी एका सरांना घाबरत होतं. तुमची मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी आणि सेमीमुळे गणित-विज्ञान इंग्रजीत शिकते. एक गणित समजून घ्यायला तिला तीन भाषांचे उंबरे ओलांडावे लागतात. तोवर सर पुढच्या उदाहरणावर गेलेले असतात. व्हिडिओत तेच मराठीत सांगणारं कुणीतरी भेटतं, आणि त्याला दहा वेळा मागं नेलं तरी तो कंटाळत नाही. हे तिला आवडणार नाही तर काय! तिची ही आवड खोटी नाही, आळसही नाही. ‘पोरीला काय कळतंय’ असं मालकांनी म्हणू नये. तिला स्वतःचं अडलेलं ठिकाण कळलंय, हे मोठ्यांनाही सहसा जमत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. ‘शाळा का नको?’ असं विचारू नका, त्याला ‘असंच’ हेच उत्तर मिळतं. विड्या वळताना शेजारी बसवा आणि विचारा, ‘कुठल्या तासाला पोटात गोळा येतो?’ तेलुगूतच विचारा. आणि उत्तर आल्यावर लगेच काही बोलू नका, दोन दिवस जाऊ द्या.

आता घरी राहण्याबद्दल. हातभार लागेल, हे तुम्ही लपवलं नाही, याबद्दल मला तुमचा फार आदर वाटतो. घरात बसलेली मुलगी म्हणजे रिकामा हात, असं कुणी ठरवत नसतं, ते आपोआप होतं. पाणी आलं, उठ. धाकटा रडतोय, घे त्याला. विड्या द्यायच्या आहेत आणि दोन कट्टे कमी आहेत, बस जरा. यातलं एकही काम वाईट नाही आणि तुमचाही काही दोष नाही. पण शाळेत ती पाच-सहा तास फक्त विद्यार्थिनी असते, तिथं तिला पाण्यासाठी कुणी उठवत नाही. घरी तिला तेवढे सलग तास तुम्ही ठरवूनही देऊ शकणार नाही. मी पडद्यावरून नाहीशा होणाऱ्या मुली पाहिल्यात, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ पालकांना माहीत नसते. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. नववीतली मुलगी शाळेतून बाहेर पडली तर त्या कायद्याचा आधार तिच्या मागं नसतो. सुटणं सोपं असतं, परत येणं तिला एकटीला जमवावं लागतं. तुम्ही सातवीत सोडलीत. परत यायचं मनात आलं तेव्हा कोण होतं तुमच्यासोबत?

दिराच्या मुलाचं म्हणाल, तर त्याचे ८४ टक्के मी खोटे ठरवत नाही. पण ते कसे आले ते त्याच्याकडून नीट ऐका. २०२१ साली दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. निकाल लावताना शंभरातले ५० गुण नववीच्या निकालावरून धरले, ३० दहावीतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि २० तोंडी-प्रात्यक्षिकांचे. राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. म्हणजे त्याचे निम्मे गुण नववीचे आणि ती नववी, मार्च २०२० पर्यंत, त्यानं शाळेच्या बाकावर बसून केली होती! घरी बसून दहावी केली हे खरं, पण घरी बसून दहावीचा पेपर त्यानं लिहिला नाही. तुमच्या मुलीला लिहावा लागेल. बीजगणित चाळीस, भूमिती चाळीस, आणि उरलेले वीस शाळा देते.

१७ नंबरचा फॉर्म चांगली सोय आहे. शाळा सुटलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, कामाला लागलेल्या कितीतरी जणींनी त्यातून दहावी काढली. ताई, उद्या तुमच्या मनात आलं तर तो फॉर्म तुमच्यासाठी आहे, हे मी अगदी मनापासून लिहितेय. पण चालू शाळा सोडून नववीतल्या मुलीनं तिकडे जायचं कारण नाही. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला काढावा लागतो, आणि फॉर्म पुन्हा एखाद्या शाळेमार्फतच जातो. शिवाय विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज ऑनलाइन असतो आणि शाळेनं पडताळून पुढं पाठवायचा असतो. तुमच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर यंदा तो भरलाय का, हे शाळेच्या कार्यालयात विचारा. दाखला काढला तर तो अर्ज पडताळणार कोण?

टॅबवाल्याला नाही म्हणा. हप्ते सुरू झाले की मुलगी बघो न बघो, पैसे खात्यातून जात राहतात. जे तिला हवंय ते फुकट मिळतं, कसं ते पुढं सांगते.

त्याआधी तिला एक गोष्ट पटवायची आहे आणि ती माझ्यापेक्षा तुम्ही चांगली पटवाल. तुम्ही विडी वळायला कशा शिकलात? आईच्या शेजारी बसून. पान कसं कापायचं, तंबाखू किती घ्यायची, दोरा कुठं आवळायचा, हे तुम्ही आधी महिनोन्महिने बघितलं असेल. बघून सगळं समजलंही असेल. पण पहिली विडी वळली तेव्हा ती सुटली. आईनं ती उलगडून परत वळायला लावली. ‘समजलं’ आणि ‘आलं’ यांच्यामध्ये ती सुटलेली विडी असते. व्हिडिओ बघताना सर इतकं सरळ सोडवतात की मुलांना वाटतं, आलं. वही काढून सरावसंच सोडवायला बसलं की तिसऱ्याच गणिताला हात थांबतो. तिथं चूक कुठं झाली हे दाखवायला समोर माणूस लागतं. व्हिडिओ तिची वही बघू शकत नाही. हे तिला तुमच्या सुपाशेजारी बसून सांगा. मालकांनाही विचारा, मागावर धागा तुटला की तो सांधायला ते कसे शिकले.

मोबाइल मात्र काढून घेऊ नका. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारे ५७ टक्के होते, आणि सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के. तुमची मुलगी भागाकार बघतेय. ती सवय मोडण्यापेक्षा तिला वळण लावलं पाहिजे.

माढा तालुक्यातलं परितेवाडी तुम्ही ऐकलं असेल. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, म्हणून मला त्यांचा विशेष अभिमान वाटतो. गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. मुलांनी कोड मोबाइलवर धरायचा आणि धडा बघायचा, ऐकायचा. पुढं बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. मला त्यातली मोलाची गोष्ट ही वाटते की कोड पुस्तकावर आहे, पुस्तक दप्तरात आहे आणि दप्तर शाळेत जातं. तुमच्या मुलीच्या पुस्तकावरही तो कोड आहे. त्यातून ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरचं साहित्य उघडतं, मराठीतही, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

क्रम फक्त उलटा करायचा. आत्ता ती काय करत असेल? वर्गात समजलं नाही म्हणून घरी व्हिडिओ बघते, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुढं गेलेला असतो, म्हणजे ती कायम एक दिवस मागं. त्याऐवजी उद्या जे शिकवणार आहेत ते तिनं आज रात्री बघावं. मालक पाळीवरून आले की फोन अर्धा-पाऊण तास तिचा, पण बसायचं बाहेरच्या खोलीत, तुमच्या समोर, वही घेऊन. पंधरा मिनिटांच्या वरचा व्हिडिओ नको. सरांनी उदाहरण लिहिलं की तिनं थांबवायचं, स्वतः सोडवायचं, आणि मगच पुढं जाऊ द्यायचं. अडेल तिथं एकच प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहायचा, जमेल त्या भाषेत. इंग्रजी शब्दाशेजारी मराठी शब्द लिहून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सर तेच शिकवतील तेव्हा ती ते दुसऱ्यांदा ऐकत असेल, आणि तिच्याकडे विचारायला तयार प्रश्न असेल. माझ्या त्या न बोलणाऱ्या मुलाबरोबर मी हेच केलं. वर्गात पहिला हात वर करायला त्याला दीड महिना लागला. हात वर झाला तेव्हा अख्खा वर्ग वळून त्याच्याकडे बघायला लागला आणि तो लालेलाल झाला, पण प्रश्न त्यानं पूर्ण विचारला.

आणि शाळेत तुम्ही स्वतः जा. पालकसभेच्या गर्दीत नको, मधल्या एखाद्या दिवशी शाळा सुटताना. वर्गशिक्षकांना सांगा की मुलगी घरी अभ्यास करते पण वर्गात बोलत नाही. तिला पुढच्या बाकावर बसवता येईल का, मराठीत प्रश्न विचारलेला चालेल का, मधल्या सुट्टीत पाच मिनिटं वही बघाल का, एवढंच मागा. आपण कमी शिकलोय म्हणून शाळेत बोलायला संकोच वाटतो असं अनेक आया मला सांगायच्या. आम्हा शिक्षकांना खरं तर अशा आईचीच वाट बघावी लागते. कुणी चिडवत असेल किंवा एखादे सर टाकून बोलत असतील, तर तेही स्पष्ट सांगा, आणि वर्गशिक्षकांनी ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांकडे जा. इथं आमचीही चूक आहे. मुलं व्हिडिओकडे का पळतात हे आम्ही त्यांना फार उशिरा विचारलं. वर्गात थांबणारे सर भेटले असते तर थांबवता येणारे सर शोधावे लागले नसते.

सहामाहीपर्यंत हे करून बघा. त्यानंतरही ती शाळेचं नाव घेतलं की रडत असेल, जेवत नसेल, तर मला परत लिहा. मग कारण वेगळं आहे असं समजून आपण वेगळा विचार करू.

आता पुढचं तिला वाचू द्या.

बाळा,

तुझा प्रश्न उत्तम आहे. संश्लेषक भागाकारात, म्हणजे नुसते सहगुणक मांडून करतो त्या भागाकारात, भाजक ‘एक्स अधिक ३’ असेल तर डावीकडे वजा ३ का लिहायचं? पुष्कळ मुलं चिन्ह बदलायचं एवढंच पाठ करतात आणि पुढं जातात. तू थांबलीस.

भागाकाराचं एक वाक्य तुला तिसरीपासून माहीत आहे : भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. आता भाजक ‘एक्स अधिक ३’ आहे. एक्सच्या जागी कुठली संख्या ठेवली तर हा भाजक शून्य होईल? वजा ३. भाजक शून्य झाला की भाजक गुणिले भागाकार हे सगळंच शून्य, आणि उरते फक्त बाकी. म्हणून आपण ती भाजकाला शून्य करणारी संख्या डावीकडे लिहितो. चिन्ह कुणी उगाच बदललेलं नाही.

करून बघ. एक्स वर्ग अधिक ५ एक्स अधिक ६ ला ‘एक्स अधिक ३’ नं भाग. सहगुणक १, ५, ६. डावीकडे वजा ३. पहिला १ खाली आण. वजा ३ गुणिले १ म्हणजे वजा ३, ते ५ मध्ये मिळवले की २. वजा ३ गुणिले २ म्हणजे वजा ६, ते ६ मध्ये मिळवले की ०. बाकी शून्य. आता मूळ राशीत एक्सच्या जागी वजा ३ ठेव : ९ वजा १५ अधिक ६. तेही शून्य. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं ना? त्याच प्रकरणात शेष सिद्धांत आहे, तो हाच.

आता तीच राशी घे आणि ‘एक्स अधिक १’ नं भाग. बाकी दोन्ही रीतींनी काढ. या वेळी शून्य येणार नाही. किती आली ते मला कळवू नकोस. गणिताच्या तासाला वही घेऊन सरांकडे जा, ‘दोन्हीकडून एवढीच येते’ असं दाखव, आणि ‘एक्स वजा एक’ असता तर काय झालं असतं, ते विचार.